बँडमास्तर व्हायचंय? मग काठी सगळ्यात शेवटी

लग्नाच्या पंगतीत शेजारच्यानं "काय करता?" विचारलं आणि मी "कंडक्टर आहे" म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "कुठला डेपो?" चूक दुरुस्त करायला "बँड शिकवतो" म्हणावं, तर तो मांडवाबाहेर वाजणाऱ्या बेंजोकडे बघून विचारतो, "हे तुमचेच का?" वीस-बावीस वर्षं शाळांचे बँड सांभाळल्यावर आता मी दोन्ही प्रश्नांना हसून मान डोलावतो. तीस मुलांना एकाच वेळी एकाच ठिकाणी पोचवायचं हे काम एसटीच्या कंडक्टरपेक्षा फार वेगळं नाहीच.

हा लेख दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. एक म्हणजे ज्यांच्या गळ्यात शाळेचा बँड अचानक पडलाय. पेटीवर विशारद झालेले संगीतशिक्षक असतात, चर्चमध्ये ट्रम्पेट वाजवणारी मुलं असतात, फौजेतून निवृत्त झालेले बँड्समन असतात. मुख्याध्यापक म्हणतात, "तुम्ही संगीतातले ना? मग बघा जरा." दुसरे म्हणजे यातच आयुष्य काढायचं ठरवलेले तरुण. अशांची पत्रं हल्ली जास्त येतात, आणि त्यातल्या दहापैकी आठ जणांचा पहिला प्रश्न एकच असतो: "सर, बॅटन (म्हणजे कंडक्टरची काठी) कुठली घेऊ?" त्याचं उत्तर लेखाच्या मध्यावर येईल. तोवर पैसे खिशातच राहू द्या.

कुठला बँड, ते आधी समजून घ्या

आपल्याकडे 'बँड' या एका शब्दात चार वेगवेगळे संसार राहतात. वरातीतला ब्रास बँड कानावर वाजवतो, कागद लागत नाही. पोलीस आणि सैन्याचे बँड चालत वाजवतात आणि बसूनही. शाळेत बहुधा साइड ड्रम, बिगुल आणि दोन-चार ट्रम्पेट एवढंच असतं, तेही २६ जानेवारीपुरतं. राष्ट्रीय शालेय बँड स्पर्धा होते तिच्यातही ब्रास बँड आणि पाइप बँड (बॅगपाइपचा) असे दोन प्रकार असतात, म्हणजे दोन्ही संचलनाचेच.

कॉन्सर्ट बँड याहून वेगळा. इथे खुर्चीवर बसून, समोर नोटेशन ठेवून, श्रोत्यांसाठी वाजवायचं असतं. फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून, सॅक्सोफोन ही लाकडी घराण्यातली वाद्यं (सॅक्सोफोन पितळेचा असला तरी रीडमुळे, म्हणजे तोंडाकडच्या वेताच्या पातळ पट्टीमुळे, याच घरातला), ट्रम्पेट, हॉर्न, ट्रॉम्बोन, युफोनियम, ट्युबा ही पितळी आणि मागे तालवाद्यांची रांग. व्हायोलिन नाहीत. व्हायोलिन आले की त्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात.

हा प्रकार लष्करी बँडमधून वर आला. जॉन फिलिप सूझा १८८० ते १८९२ अमेरिकेच्या मरीन बँडचा प्रमुख होता, आणि त्याची मार्चेस (संचलनाच्या धून) आजही जगभर वाजतात. इंग्लंडमध्ये गुस्ताव होल्स्टनं १९०९ साली लष्करी बँडसाठी एक सूट, म्हणजे छोट्या रचनांची मालिका, लिहिला. फुंकवाद्यांसाठीही गंभीर संगीत लिहिता येतं हे त्यातून लोकांना दिसलं. पुढे १९५२ मध्ये फ्रेडरिक फेनेलनं रोचेस्टरच्या ईस्टमन स्कूलमध्ये विंड एन्सेंबल, म्हणजे फुंकवाद्यांचा आटोपशीर ताफा, उभा केला. एकेका ओळीला दहा-दहा वादक न लावता शक्यतो एकच वादक ठेवायचा, ही त्याची कल्पना. कावीळ होऊन रुग्णालयात पडला असताना त्यानं ती वाद्यांची यादी मनात जुळवली होती. अमेरिकेत आज हायस्कूल म्हटलं की बँड आलाच. आपल्याकडे तो फार थोड्या शाळांत आहे. म्हणजे तुम्हाला तयार बँड मिळणार नाही. बिगुल-ड्रमच्या पथकातून तो उभा करावा लागेल. मी तीनदा केलंय, आणि त्यातला एक तिसऱ्या वर्षी बंद पडला, कारण ट्युबा वाजवणारा एकुलता एक मुलगा दहावी होऊन गेला आणि मागे कुणीच तयार नव्हतं. तेव्हापासून मोठ्या वाद्यांवर मी नेहमी एक आठवीतला आणि एक सहावीतला अशी जोडी बसवतो.

प्रत्येक वाद्य वाईट वाजवायला शिका

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. एखादं वाद्य तुम्हाला चांगलं आलंच पाहिजे, आणि बाकीची सगळी वाईट का होईना, पण स्वतःच्या तोंडानं वाजवता आली पाहिजेत.

विल्यम रेव्हेली नावाचा एक माणूस होता. मिशिगन विद्यापीठाचा बँड त्यानं १९३५ ते १९७१ चालवला. मूळचा तो व्हायोलिनवाला. १९२५ साली इंडियाना राज्यातल्या होबार्ट या गावच्या हायस्कूलचा बँड त्याच्याकडे आला तेव्हा त्याला फुंकवाद्यं येत नव्हती. तो शिकागोला जाऊन एकेका वाद्याच्या जाणकाराकडे शिकवणी घेऊ लागला आणि ते ज्ञान होबार्टच्या पोरांना देऊ लागला. त्या गावच्या बँडनं पुढे राष्ट्रीय स्पर्धा जिंकल्या.

कारण साधं आहे. सहावीतली मुलगी म्हणते, "सर, आवाजच येत नाहीये." समोर उभं राहून हात हलवल्यानं तो येणार नाही. तिचा खालचा ओठ दातांवर जास्त वळलाय का, रीड कोरडी आहे का, तर्जनीखालचं छिद्र अर्धं उघडं आहे का, हे पाहायला ते वाद्य कधीतरी तुमच्या तोंडात गेलेलं असावं लागतं.

माझा क्रम सांगतो. प्रत्येक वाद्याला तीन महिने. आधी क्लॅरिनेट, मग ट्रम्पेट, मग फ्लूट, मग ट्रॉम्बोन आणि या सगळ्याच्या जोडीला रोज दहा मिनिटं रबराच्या पॅडवर स्नेअरच्या (साइड ड्रमच्या) काठ्या. वर्षभरात बँडचा सांगाडा हातात येतो. हॉर्न आणि ओबो दुसऱ्या वर्षी, ही दोन्ही माणसाची परीक्षा पाहतात.

क्लॅरिनेट पहिला, कारण बँडमध्ये सर्वांत जास्त मुलं त्यावरच बसतात आणि तो वागायला विचित्र आहे. बासरीत जोर वाढवला की वरचा सा लागतो, हे आपल्याला ठाऊक असतं. क्लॅरिनेटची मागची किल्ली दाबली की वरच्या सप्तकातला सा लागत नाही, थेट तिथला पंचम लागतो. नळी सरळ आणि एका टोकाला बंद, म्हणून असं होतं. त्यामुळे खालच्या आणि वरच्या सप्तकाची बोटं वेगळी, आणि मुलं नेमकी तिथेच अडखळतात. हे स्वतः अडखळल्याशिवाय समजत नाही. रीड सुरुवातीला २ नंबरची घ्या, सहा-आठ महिन्यांनी अडीच. पहिल्याच दिवशी ३ नंबर देणारे दुकानदार भेटतात, त्यांचं ऐकू नका.

ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह, म्हणजे बोटानं दाबायच्या कळा. दुसरा सूर अर्ध्या स्वरानं उतरवतो, पहिला एका स्वरानं, तिसरा दीड स्वरानं. पण पहिला आणि तिसरा एकत्र दाबले की सूर थोडा चढाच लागतो, मग तिसऱ्या व्हॉल्व्हची स्लाइड (सरकती नळी) बोटानं बाहेर सरकवावी लागते. ही गोष्ट मी पाच वर्षं ट्रम्पेट वाजवूनही मुलांना सांगत नव्हतो, कारण मला कुणी सांगितलीच नव्हती. माझे गुरू नौदलातून निवृत्त झालेले गोव्याचे. पहिले सहा महिने त्यांनी मला काठीला हात लावू दिला नाही. फक्त ट्युबा धुवायचा, व्हॉल्व्हला तेल घालायचं आणि मागच्या रांगेत बसून मुलांबरोबर लांब सूर धरायचा. तेव्हा राग यायचा.

सगळ्यांचा सा वेगळा

नव्या माणसाला सगळ्यात जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट म्हणजे प्रत्येकाच्या कागदावरचा सूर वेगळा असतो. यावर पेटीवाल्यांना सोपी वाट आहे, तीच सांगतो.

बँडची घरची पट्टी म्हणजे पेटीवरची काळी पाच. त्याला कॉन्सर्ट बी फ्लॅट म्हणतात. सुरुवातीची बहुतेक गाणी इथे, नाहीतर काळी दोन किंवा पांढरी चारमध्ये असतात. आता ट्रम्पेट, क्लॅरिनेट आणि टेनर सॅक्सोफोन यांच्या कागदावर 'सी' लिहिलेला असेल तर प्रत्यक्षात वाजते काळी पाच. आल्टो सॅक्सोफोनचा 'सी' म्हणजे काळी दोन. हॉर्नचा 'सी' म्हणजे पांढरी चार. फ्लूट, ओबो, ट्रॉम्बोन, ट्युबा मात्र लिहिलंय तेच वाजवतात.

म्हणून सगळ्यांनी एकच काळी पाच लावायची असेल तर फ्लूट आणि ट्रॉम्बोनला 'बी फ्लॅट' सांगायचा, ट्रम्पेट-क्लॅरिनेटला 'सी', आल्टोला 'जी' आणि हॉर्नला 'एफ'. पहिल्या महिन्यात हे कोष्टक पुठ्ठ्यावर लिहून नोटेशन स्टँडला चिकटवा. लाज वाटायचं कारण नाही. तालमीत "सी वाजवा" म्हणून ओरडलात तर चार वेगवेगळे सूर एकदम येतील आणि मुलं तुमच्याकडे बघतील. "कॉन्सर्ट बी फ्लॅट" म्हणायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, तुम्हालाही आणि मुलांनाही.

भातखंडे किंवा पलुस्कर लिपीत वाढलेल्यांनी स्टाफ नोटेशनला घाबरू नये. पाच रेघांची ही लिपी तीन-चार महिन्यांत वाचता येते. वेळ लागतो तो वीस ओळी एकदम डोळ्यांखालून न्यायला.

हात

आता काठी. बॅटन साधी, हलकी, बारा ते चौदा इंचांची, बूड तळहातात नीट बसेल अशी. पहिले सहा महिने खराट्याच्या काडीनंही काम भागतं. मी ते केलंय.

चार मात्रांचा आकार: खाली, आत डावीकडे, बाहेर उजवीकडे, वर. तीन मात्रांचा: खाली, बाहेर, वर. दोन मात्रांचा: खाली, वर. सहा मात्रांची मार्च जलद असते म्हणून ती दोनमध्येच धरतात. आकार एका संध्याकाळी पाठ होतात. त्यावर अडू नका.

अडायचं ते एका गोष्टीवर. आपल्या हाताला टाळी-खालीची सवय असते. आपण सम आली की टाळी देतो, म्हणजे टाळी आणि सम एकाच क्षणी, आणि समेवर कसं यायचं ते गायक-वादक स्वतः पाहतो. कंडक्टरचं काम टाळीच्या आधीचं आहे. समेच्या आधीच्या मात्रेत तुम्ही श्वास घेता, हात वर जातो, आणि त्या वर जाण्यातच लय किती, आवाज किती, सूर धारदार की मऊ, हे सगळं सांगून झालेलं असतं. हात खाली पोचला तेव्हा तुमचं बोलणं संपलेलं असतं. वर्गात हे शिकवताना मी नव्या मास्तरांना तोंडानं मोजू देत नाही. फक्त श्वास घ्या आणि हात टाका. मुलं एकत्र आली तर श्वास बरोबर. नाही आली तर बहुतेक वेळा तुम्ही श्वासच घेतला नव्हता.

डावा हात उजव्याची आरशातली नक्कल करतो, हा नवख्यांचा ठरलेला दोष. डावा खिशात घालून आठवडाभर सराव करा. मग त्याला वेगळी कामं द्या: आवाज वाढवणं-कमी करणं, अमक्यानं आता सुरू करावं अशी खूण, सूर तोडणं. सूर कुठे तोडायचा हे दाखवणं सुरू करण्याइतकंच अवघड आहे, आणि त्याचा सराव कुणीच करत नाही.

मोबाइल स्टँडवर ठेवून स्वतःचं चित्रण करा, कॅमेरा मुलांच्या जागी, तुमच्या चेहऱ्याकडे. पहिलं चित्रण बघून फार वाईट वाटतं. मला कळलं की मी प्रत्येक मात्रेला गुडघे वाकवत होतो आणि तालमीचा निम्मा वेळ खाली कागदात डोकं घालून होतो.

स्कोअर घरी वाचायचा असतो

स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक असलेला कंडक्टरचा कागद: वरती फ्लूट, खाली तालवाद्यं. आधी घड्याळ लावून शांतपणे सगळा चाळा. मग एकेक ओळ गा. सरगममध्ये गायलात तरी चालेल, मी अजूनही तसंच गातो, हॉर्नची ओळसुद्धा. जी ओळ तुम्हाला गाता येत नाही तिथे मुलं चुकणार, हे धरून चाला. पेन्सिलीनं श्वासाच्या जागा खुणा करा. एका रांगेतली सगळी मुलं एकाच वेळी श्वास घेतात तेव्हा सुरात भोक पडतं, म्हणून लांब सुरावर शेजारच्या दोघांनी वेगवेगळ्या जागी श्वास घ्यायचा हे आधी ठरवून द्या.

स्कोअर निवडताना एक घोळ टाळा. अमेरिकी प्रकाशक बँडच्या रचनांना १ ते ६ अशी श्रेणी देतात. ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या वाद्यपरीक्षांच्या १ ते ८ श्रेणींशी तिचा संबंध नाही. बँडची श्रेणी १ म्हणजे पहिल्या वर्षाची मुलं. "आमची मुलं ग्रेड थ्री पास आहेत" म्हणून एका मास्तरांनी बँडचं श्रेणी ३चं गाणं घेतलं आणि स्नेहसंमेलनाच्या आधी दहा दिवस मला फोन केला. आम्ही ते रद्द केलं.

कुणाला कुठलं वाद्य

पाचवीच्या आधी फुंकवाद्य देऊ नका. पुढचे दात पक्के आलेले हवेत. दातांना तारा असतील तर ट्रम्पेट आणि हॉर्न त्रास देतात, मोठ्या माऊथपीसचं वाद्य थोडं सोसतं. ट्रॉम्बोनला हात लांब हवा, सरकती नळी सातव्या पोझिशनपर्यंत न्यायला. लहान हाताच्या मुलांनी पहिल्या वर्षी सहाव्यावर समाधान मानावं. ज्याचा कान चांगला आहे, म्हणजे ऐकलेला सूर लगेच गुणगुणतो, त्याला हॉर्न. वर्गात सगळ्यात दंगेखोर असलेल्याला ड्रम द्यायची पद्धत आहे, ती मोडा. तालवाद्याला सगळ्यात शांत मूल लागतं, कारण त्याला चाळीस मात्रा गप्प बसून एकेचाळिसाव्या मात्रेवर झांज वाजवायची असते.

तीस मुलांचा बँड असेल तर मी साधारण असा मांडतो: फ्लूट ४, क्लॅरिनेट ७, आल्टो सॅक्सोफोन ३, टेनर १, ट्रम्पेट ५, हॉर्न २, ट्रॉम्बोन ३, युफोनियम १, ट्युबा १, तालवाद्यं ३. पालकांना आपल्या मुलाला ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोनच हवा असतो. ट्युबाच्या मुलाचे वडील मला एकदा म्हणाले, "सर, याचं गाणं ओळखूच येत नाही." मी पुढच्या तालमीला त्यांना बसवलं आणि त्यांच्या मुलाला पाच मिनिटं गप्प राहायला सांगितलं. खालचा आधार गेल्यावर बाकीचे कसे उघडे पडतात ते त्यांनी ऐकलं.

नव्वद मिनिटं

आठवड्यातून दोन तालमी, प्रत्येकी नव्वद मिनिटं मिळाल्या तर भाग्य समजा. पहिली पंधरा मिनिटं श्वास आणि लांब सूर. पुढची पंधरा एखादं संथ चार ओळींचं कोराल (प्रार्थनागीतासारखी रचना), यात कान तयार होतात. चाळीस मिनिटं गाणी, त्यात एका वेळी एकच अडचण. दहा मिनिटं आज केलेलं न थांबता वाजवणं. शेवटची दहा पुसापुशीला. ही दहा मिनिटं कधीही खाऊ नका, वाद्यं त्यावर जगतात.

सुरात लावताना मोबाइलवरचा ट्यूनर मुलांना दाखवा, पण फार वेळ नाही. सुई बघायला लागली की ती ऐकणं सोडतात. आधी ट्युबाला काळी पाच धरायला सांगा, मग त्यावर बाकीच्यांना गायला लावा, तोंडानं, आणि मग वाजवायला. थंड वाद्य उतरतं, तापलं की चढतं. दुपारच्या पत्र्याच्या हॉलमध्ये ट्रम्पेटची स्लाइड आणि क्लॅरिनेटचा बॅरल (माऊथपीसखालचा जोड) बाहेर ओढावा लागणार, आणि जानेवारीच्या पहाटे मैदानावर सगळं उलटं.

खोली लहान असेल तर स्वतःच्या कानांची काळजी घ्या. ट्रम्पेटसमोर उभं राहून वीस वर्षं काढलेल्या माणसाचा सल्ला आहे.

पहिलं गाणं कुठलं, हा प्रश्नच नसतो. ते राष्ट्रगीत असतं. पूर्ण राष्ट्रगीताला सुमारे ५२ सेकंद लागतात. घड्याळ लावून तपासा, नवे बँड हमखास ६५पर्यंत जातात. बँडवर वाजवताना आधी ड्रमचा रोल असतो, श्रोत्यांना कळावं म्हणून. संथ संचलनाची सात पावलं इतका वेळ: हळू सुरू, मग शक्य तितका मोठा, मग पुन्हा हळू, पण सातव्या ठोक्यापर्यंत ऐकू येईल असा. मग एक ठोका थांबायचं आणि सुरुवात. हा एक ठोका मुलं खातात. मी त्या ठोक्याला नाक ओढायला सांगतो, म्हणजे श्वासही घेतला जातो. महाराष्ट्रात २०२३पासून 'जय जय महाराष्ट्र माझा' हे राज्यगीत आहे, त्याचीही तयारी ठेवा.

पावसाळा आणि चिंच

जून ते सप्टेंबर आपली खरी लढाई असते. क्लॅरिनेट आणि फ्लूटच्या किल्ल्यांखालचे पॅड ओलाव्यानं चिकटतात, केसमध्ये बुरशी येते, व्हॉल्व्ह अडकतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दर आठवड्याला उघडून वाऱ्याला ठेवा. चिकटलेल्या पॅडखाली सिगारेटचा कागद, डिंकाची कड कापून, ठेवायचा आणि किल्ली हलकेच दाबायची. ओलावा शोषला जातो. माझ्या बॅगेत या कागदाची पाकिटं सापडल्यामुळे एका शाळेत मला मुख्याध्यापिकांसमोर उभं राहावं लागलं होतं. क्लॅरिनेट सोबत नेला होता म्हणून वाचलो.

पितळी वाद्यांवर लॅकरचा, म्हणजे पारदर्शक रोगणाचा थर असतो. एका १४ ऑगस्टला आमच्या प्रेमळ शिपाईमामांनी सगळे ट्रम्पेट चिंच आणि काथ्यानं समईसारखे घासून ठेवले. झेंडावंदनाला चमकले खरे, पण लॅकर ओरखडलं आणि दिवाळीपर्यंत काळे डाग पडले. मऊ फडकं पुरे. अडकलेला माऊथपीस पक्कडीनं कधी ओढू नका, त्यासाठी वेगळा पुलर मिळतो.

तंबोऱ्याला मिरज, तसं बँडच्या वाद्यांना मेरठ. तिथल्या जली कोठी भागात ही वाद्यं पिढ्यान्‌पिढ्या बनतात. शाळेच्या पैशात बसणारी बहुतेक वाद्यं तिथली असतात. ड्रम आणि बिगुलाला हरकत नाही. व्हॉल्व्हचं वाद्य घेताना मात्र स्वतः हातात घेऊन वाजवून बघा, किंवा चांगलं सेकंडहँड शोधा. आणि वरातीच्या बँडवाल्यांशी मैत्री ठेवा. रात्री नऊला व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटली तर कुणाकडे मिळेल हे तेच सांगतात.

कागद आणि कायदा

नोटेशनच्या झेरॉक्स काढायची सवय आपल्याला आहे, ती बरी नाही. आपल्याकडे रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो. सूझा १९३२ मध्ये गेला आणि होल्स्ट १९३४ मध्ये, त्यामुळे त्यांच्या मूळ रचना मोकळ्या आहेत. सूझाच्या मार्चेसचे स्कोअर आणि पार्ट (एकेका वाद्याचे कागद) अमेरिकेच्या मरीन बँडनं आपल्या संकेतस्थळावर मोफत ठेवलेत. विद्यार्थी-शिक्षकांनी आपल्याच पालक-विद्यार्थ्यांसमोर वाजवण्याला १९५७च्या कायद्यात सवलत आहे, पण तिकीट लावून बाहेर कार्यक्रम करायचा किंवा ताज्या सिनेगीताची मांडणी करून छापायची तर परवानगी लागते.

शिक्षण आणि पोटापाणी

आपल्याकडे कॉन्सर्ट बँडच्या कंडक्टरची सरळ शिडी नाही, जोडून-जोडून करावी लागते. एका वाद्यावर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएमच्या श्रेणी पूर्ण करा. एबीआरएसएममध्ये सहावी श्रेणी द्यायच्या आधी पाचवीची थिअरी पास व्हावी लागते, म्हणून ती टाळत बसू नका. गोव्यात असाल तर तुम्ही नशीबवान. तिथे चर्चच्या संगीतशाळांमधून मेस्त्रींनी, म्हणजे संगीतगुरूंनी, पिढ्यांना सोल्फा (तिकडची सरगम) आणि व्हायोलिन शिकवलं, आणि मुंबईच्या चित्रपटसंगीताचे स्टुडिओ व पोलीस-लष्कराचे बँड त्या वादकांवर चालले. मुंबईकरांनी नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रातल्या सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचे कार्यक्रम चुकवू नयेत. बाजूच्या खुर्चीत बसा, जिथून कंडक्टरचा चेहरा दिसतो.

नोकरी म्हणून सर्वांत भक्कम वाट वर्दीची. लष्कराची संगीत शाखा मध्य प्रदेशात पचमढीला आहे, नौदलाची संगीतशाळा मुंबईत कुलाब्याला. नौदल आणि वायुसेना म्युझिशियन म्हणून वेगळी भरती करतात (२०२२मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून ती अग्निवीर म्हणून, आधी चार वर्षांसाठी), आणि महाराष्ट्र पोलीस भरतीत बँड्समनची पदं निघतात. धावणं-उंचीच्या अटी असतात, त्यामुळे वयाच्या अठराव्या वर्षीच जाहिराती बघायला लागा. जुन्या भरतीतला, बारा-पंधरा वर्षं तिथे रोज वाजवून बाहेर पडलेला माणूस बँड शिकवायला सगळ्यात तयार असतो.

शाळेत मात्र बहुधा मानधन, तासावर. एका शाळेवर घर चालत नाही. मी तीन शाळा आणि घरच्या शिकवण्या करत आलोय. मुलाखतीला पगाराच्या आधी तीन गोष्टी विचारा: वाद्यांच्या दुरुस्तीला दरवर्षी किती रक्कम, तालमीला कुठली खोली, आणि परीक्षेच्या काळात तालीम बंद की चालू. तिन्हींची उत्तरं "बघू" आली तर तिथे कॉन्सर्ट बँड उभा राहत नाही. गोड बोलून ड्रम-बिगुलाचं पथक घ्या आणि दुसरी शाळा शोधा.

परदेशी जायचं असेल तर अमेरिकेत चार वर्षांची संगीतशिक्षणाची पदवी असते. तिच्यात शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा काळ असतो आणि नंतर त्या-त्या राज्याचा शिक्षक परवाना घ्यावा लागतो. कंडक्टिंगचं पदव्युत्तर शिक्षण त्यापुढे. तिथे प्रवेशाला तालीम घेतानाचं चित्रण मागतात, कॅमेरा कंडक्टरच्या चेहऱ्याकडे. वर सांगितलेली मोबाइलची सवय इथे कामाला येते. असिस्टंटशिप (विद्यापीठातच काम करत शिकण्याची सोय) मिळाली तर फी बरीच कमी होते, आणि तीच मिळवायचा प्रयत्न करा, कारण पदवीनंतर तिथे काम करायची मुभा संगीतवाल्यांना साधारण वर्षभराचीच मिळते, संगणकवाल्यांसारखी तीन वर्षं नाही. कर्ज काढून जाण्याआधी हा हिशेब घरच्यांसमोर मांडा. दर डिसेंबरला शिकागोत मिडवेस्ट क्लिनिक हे बँडमास्तरांचं संमेलन १९४६पासून भरतं. तिथे वाजणाऱ्या शालेय बँडची चित्रणं घरबसल्या पाहता येतात, आणि शिकायला तीही पुष्कळ आहेत.

पहिला कार्यक्रम

तीन गाणी. चौथं घेऊ नका. पहिलं असं की मुलं झोपेतही वाजवतील, दुसरं संथ, तिसरं मार्च किंवा लोकांच्या ओळखीचं. फुंकणाऱ्यांचे ओठ वीस मिनिटांत दमतात, म्हणून अवघड गाणं शेवटी ठेवू नका. खुर्च्या आदल्या दिवशी मांडून खडूनं खुणा करा. प्रत्येक पार्टच्या दोन जादा प्रती, दोन जादा रीड, व्हॉल्व्ह ऑइल आणि कपडे वाळत घालायचे चिमटे स्टेजवर ठेवा. चिमटे कागदांसाठी, पंखे जोरात असतात. प्रमुख पाहुण्यांचं भाषण लांबणार, तेवढ्यात वाद्यं थंड होणार, तेव्हा मुलांना आवाज न करता वाद्यातून गरम श्वास सोडत राहायला शिकवून ठेवा.

गाणं मध्येच मोडलं तर थांबवू नका. मोठ्यानं कागदावरच्या एखाद्या खुणेचं अक्षर सांगा, "बी!" आणि तिथून सगळ्यांना उचला. हे तालमीत मुद्दाम मोडून दोन-तीनदा करून ठेवलेलं असावं लागतं. लोक टाळ्याच वाजवतात.

कार्यक्रम संपल्यावर सगळे फोटोला पळतात. तुम्ही दाराशी उभे राहा आणि माऊथपीस मोजूनच हॉलला कुलूप लावा. ट्रम्पेटचा एखादा कमी भरला तर आधी ट्युबा उलटा करून बघा.